चुरा की वो ती: सोलापुरातल्या खाणावळी आणि कडक भाकरी

सोलापूरच्या खाणावळीत ताट समोर आलं की परगावचा माणूस हमखास एकच चूक करतो. ज्वारीच्या कडक भाकरीचा तुकडा मोडतो, शेंगाचटणीत टेकवतो आणि पापडासारखा खायला लागतो. दोन घासांत टाळूला टोचतं, घसा कोरडा पडतो, तो पाणी मागतो आणि उरलेली भाकरी ताटाच्या कडेला सारतो. नव्या पेठेतल्या एका खाणावळीत माझ्या शेजारच्या टेबलावर अगदी हेच चाललं होतं. वाढणाऱ्या मावशी हातातलं आमटीचं भांडं घेऊन थांबल्या आणि म्हणाल्या, "चुरा की वो ती. तशी नसती खात." पुढचं सगळं लिहितोय ते या एका वाक्यापायी, कारण सोलापूरचं जेवण आवडणं न आवडणं बरंचसं या चुरण्यावर ठरतं.

चुरायची रीत अशी. भाकरी आधी कोरडीच चुरायची. तुकडे अंगठ्याच्या नखाएवढे हवेत. त्याहून मोठे ठेवले तर मधला भाग कडक राहतो, फार बारीक केले तर पिठल्यासारखा लगदा होतो. एका भाकरीला दोन वाट्या पातळ आमटी लागते, आणि ती वाफाळतीच हवी. कोमट आमटीत ज्वारी भिजते, पण मऊ होत नाही. दाताखाली कचकच लागते. आमटी ओतून झाली की बोटांनी तुकडे हलके दाबायचे, वर ताटली झाकायची आणि दोन-तीन मिनिटं हात लावायचा नाही. तेवढ्यात भाकरी रस पिऊन फुगते, तरी तिचा कण वेगळा राहतो. मग त्यावर चमचाभर शेंगाचटणी, वरून करडईचं कच्चं तेल, हाताशी कांदा. सोलापूर हा करडईचा पट्टा. या तेलाचा उग्र वास नवख्याला खटकतो, पण चटणीवर याच तेलाची धार हवी. शेंगदाणा तेल घातलं तर दाण्याच्या चवीवर पुन्हा दाण्याचीच चव चढते.

दह्यात चुरायची असेल तर घट्ट दही चालत नाही. भाकरी दह्यातलं पाणी ओढून घेते आणि वर नुसता चोथा उरतो. दह्यात अर्धी वाटी पाणी घालून ते सैल करायचं, मीठ टाकायचं, पाच मिनिटं थांबायचं. उन्हाळ्यात दुपारी मला आमटीपेक्षा हेच बरं वाटतं. एप्रिल-मे महिन्यांत इथलं ऊन चाळिशी सहज ओलांडतं, आणि त्या वेळी तिखट रस्सा मागवणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

ही भाकरी म्हणजे शिळी, वाळलेली भाकरी असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. ती मुळातच वेगळी थापतात. पीठ ताजं दळलेलं लागतं. ज्वारीत गव्हासारखा ताणला जाणारा चिकटपणा नसतो, म्हणून पाणी गरम घेतात आणि पीठ तळहाताच्या मुळाने चांगलं रगडून मळतात. दळून बरेच दिवस झालेल्या पिठाची चिकी जाते आणि थापताना कडा फाटायला लागतात. रोजच्या भाकरीपेक्षा ही निम्म्याने पातळ थापायची, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, आणि इथंच फरक पडतो: रोजची भाकरी फुगवायची असते, ही फुगू द्यायची नसते. फुगली की दोन पदर सुटतात आणि पातळ पदर जळतो. म्हणून कापडाच्या बोळ्याने दाबत दाबत मंद आचेवर तिच्यातलं पाणी घालवतात, नंतर चुलीच्या कडेला उभी करून ठेवतात. नीट झालेली भाकरी मोडताना 'टक्' असा कोरडा आवाज येतो. मध्यभागी वाकली तर ती आत ओली राहिली आहे. अशी भाकरी आठवड्यात बुरसते. चांगली असेल तर महिनाभर सहज टिकते.

ज्वारी कुठली, यालाही अर्थ आहे. मंगळवेढ्याची काळी, खोल जमीन ओल धरून ठेवते, त्यामुळे रब्बीची ज्वारी जवळजवळ त्या ओलीवरच येते. तिथल्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मालदांडी या ज्वारीचं एम 35-1 हे निवड वाणही याच जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रातलं. मालदांडीचा दाणा टपोरा, मोत्यासारखा चमकणारा, आणि भाकरीला गोडसर चव. संकरित ज्वारीची भाकरी काळपट दिसते आणि गार झाली की चिवट होते. खाणावळीत ताटात आलेल्या भाकरीचा रंग बघूनच पुढचं जेवण कसं असणार याचा अंदाज येतो.

आता चटणी. शेंगाचटणी म्हणजे दाण्याचं कूट आणि तिखट एवढंच समजणाऱ्यांनी एकदा उखळातली चटणी हातात घेऊन मूठ आवळावी. तिची मूद वळते, बोटांना तेल लागतं, आणि बोटाने ढकलली की मूद चपट्या, लालसर पापुद्र्यांत सुटते. मिक्सरची चटणी एक तर भुरभुरीत असते नाहीतर लोण्यासारखी लगदा झालेली. कारण सरळ आहे. दाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. उखळात मुसळ दाण्याला दाबतं, तेल हळूहळू बाहेर येतं आणि लसूण-तिखट त्या तेलात मुरतं. मिक्सरचं पातं दाणा कापतं आणि तापवतं; चार फिरक्या जास्त झाल्या की सगळं तेल एकदम सुटतं आणि चिखल होतो.

घरी करायची असेल तर पाव किलो दाण्यांना वीस-पंचवीस लसणाच्या पाकळ्या, दोन मोठे चमचे लाल तिखट, चमचाभर जिरं आणि मीठ हे प्रमाण बरोबर बसतं. दाणे मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं भाजायचे. मोठ्या आचेवर साल करपतं आणि आतला दाणा पांढराच राहतो. दाणा फोडून बघावा, आतून बिस्किटी रंग आला की उतरवावा. पूर्ण गार झाल्यावर साल काढायचं. आधी लसूण, जिरं, मीठ, तिखट कुटायचं आणि मग दाणे थोडे थोडे घालायचे. लसूण धुतलेला असेल तर कापडावर पसरून खडखडीत वाळवायचा, पाण्याचा एक थेंब गेला तरी चटणीला आठ दिवसांत वास येतो. मिक्सरशिवाय इलाज नसेल तर बटण एकेक सेकंद दाबून सोडायचं, भांडं मध्येच गार होऊ द्यायचं, आणि शेवटी खलबत्त्यात दहा मिनिटं कुटायचं. त्या दहा मिनिटांनी बराच फरक पडतो.

विकत घेताना नसले यांची चटणी सोलापूरकर डोळे झाकून सुचवतात, पण बाजारात उखळातली चटणी विकणारी इतरही घरं आहेत. पाकीट उलटं करून बघावं. तळाशी तेलाचा डाग दिसला तर बरं. चटणी पिठासारखी सैल हलत असेल तर ठेवून द्यावी. वास खवट असेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

बाकी गाव थोडक्यात सांगतो. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी उतरलात तर पहिला नाश्ता पूर्व भागात करा. तिथं तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांची जुनी वस्ती आहे. इडली-वड्याच्या गाड्या लवकर लागतात आणि लवकर उठतात. नऊनंतर गेलात तर वडा गार आणि सांबार तळाचं. चटणी तिखट असते, जपून. संध्याकाळी पार्क चौकात चौपाटीच्या गाड्यांवर एवढी गर्दी होते की उभ्यानेच खावं लागतं, आणि मला ती गर्दी अजिबात सोसत नाही. पावभाजीसाठी रांग लावणाऱ्यांत सुप्रजाचं नाव ऐकू येतं. विजापूर वेशीत रात्री कोळशावरचं शीक खायला जायचं तर घाई करू नका. निखाऱ्यावर राखेचा पांढरा पापुद्रा चढेपर्यंत थांबा. काळ्या, धुमसत्या कोळशावर भाजलेल्या मटणाला धुराचा कडवट वास लागतो आणि आतलं मांस कच्चं राहतं. रमजानमध्ये तिथला मीना बाजार उशिरापर्यंत जागा असतो.

परमिट रूमबद्दल माझं मत कडक आहे. मटण सुकं आणि शेंगदाणे चांगले मिळतात, पण भाकरी बहुतेक ठिकाणी दुपारची असते. ऑर्डर देतानाच 'आत्ता थापलेली आहे का' हे विचारावं. नसेल तर कडक भाकरी मागवावी आणि रश्श्यात चुरावी, ती कधी शिळी होत नाही.

खरी तक्रार महामार्गावरच्या मोठ्या बागेच्या हॉटेलांबद्दल आहे. 'सोलापुरी थाळी' म्हणून जे समोर येतं त्यात कडक भाकरी चौकोनी तोडून वाटीत उभी लावलेली असते, चटणी मिक्सरची, आमटीत साखर, आणि ती आमटीही वाटीभरच. दुसरी वाटी मागितली तर बिलात लागते. वाटीभर आमटीत भाकरी भिजणार कशी? परगावचा माणूस ती कडकड चावतो आणि सोलापूरचं जेवण कोरडं असतं असं सांगत घरी जातो. याचं मला मनापासून वाईट वाटतं. गावातल्या साध्या खाणावळीत आमटी विचारून विचारून वाढतात, आणि जेवणाऱ्याने 'बास' म्हटलं तरी अर्धी पळी पडतेच.

संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते. तेव्हा यायचं असेल तर राहण्याची सोय आधी बघा, आणि भोगीला कोणाच्या घरी बाजरीची भाकरी आणि गरगट्टा, म्हणजे घोटलेली मिश्र भाजी, मिळत असेल तर हॉटेलकडे फिरकूही नका. लिंगायत घरांत सणाला खपली गव्हाची हुग्गी होते. सडून कोंडा काढलेले, रात्रभर भिजवलेले गहू, गूळ आणि वरून तूप. ती हॉटेलात क्वचितच मिळते.

परतीच्या पिशवीत कडक भाकऱ्या घेणार असाल तर दुकानदाराकडून त्या पुठ्ठ्यावर बांधून घ्या, वर-खाली एकेक पुठ्ठा, आणि पिशवीत आडव्या नाही तर उभ्या ठेवा. आडव्या ठेवल्या की वरच्या डब्याच्या वजनाने तळच्या चार फुटतातच. चटणी स्टीलच्या डब्यात, झाकणाखाली कागद घालून. प्लॅस्टिकच्या पाकिटातून तेल झिरपतं आणि कपडे जातात. पावसाळ्यात भाकरी सादळली तर टाकून देऊ नका. कोरड्या तव्यावर, मंद आचेवर, एकेका बाजूने मिनिटभर ठेवा. गार झाल्यावर मोडून बघा, पुन्हा टक् आवाज येईल.