‘छोटी सी बात’च्या जागा: देवगिरीने जा, देवगिरीनेच परत या

‘छोटी सी बात’ या सिनेमातल्या मुंबईच्या जागा एका दिवसात पाहता येतात. नांदेड, परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर, कुठूनही देवगिरी एक्सप्रेसने संध्याकाळी किंवा रात्री निघालं की सकाळी सीएसएमटी. परतीची गाडीही रात्रीचीच, त्यामुळे मुक्कामाचा खर्च नाही. सामान स्टेशनच्या क्लोक रूममध्ये ठेवायचं. बॅगेला कुलूप नसेल तर ती घेत नाहीत, म्हणून कुलूप घरूनच न्या आणि तिकीट हाताशी ठेवा.

बासू चटर्जींचा हा १९७६चा सिनेमा. मूळ कल्पना १९६०च्या एका इंग्रजी विनोदी चित्रपटाची, पण पडद्यावर दिसते ती अस्सल मुंबई: बसथांबा, ऑफिस, उपाहारगृह. दिग्दर्शक चटर्जी आधी ‘ब्लिट्झ’ या साप्ताहिकात व्यंगचित्रकार होते. रस्त्यावरची माणसं टिपण्याची ती नजर दक्षिण मुंबईच्या फोर्ट भागात फिरताना जास्त कळते.

स्टेशनातून बाहेर पडल्यावर हुतात्मा चौकाकडे वळण्याआधी समोरच्या जे.जे. कला महाविद्यालयाकडे पाहून घ्या. सिनेमाचे नायक अमोल पालेकर तिथेच चित्रकला शिकले. मग दादाभाई नौरोजी रस्त्याने हुतात्मा चौक आणि पुढे महात्मा गांधी रस्त्याने काळा घोडा. अंतर पावणेदोन किलोमीटरच्या आसपास आहे, रमतगमत अर्धा तास पुरतो. टॅक्सी करू नका, कमानींखालून चालण्यातच खरी मजा आहे.

सिनेमातला नायक अरुण नायिका प्रभाच्या मागे उभा राहतो तो बसथांबा नेमका कुठला, हे थांब्याच्या खांबावरून ठरवू नका. थांबे सरकतात, पाट्या बदलतात, झाडं वाढतात. सिनेमातलं दृश्य आजच्या जागेशी जुळवायचं ते दगडी कोपरे, खिडक्यांच्या ओळी आणि कठडे यांवरून, तेही पहिल्या मजल्यापासून वर, कारण खाली दुकानांच्या पाट्या आणि फेरीवाल्यांनी सगळं झाकलेलं असतं. जुनी दृश्यं मोबाइलमध्ये आधीच साठवून घ्या. फोटो काढताना आधी उभं राहायची जागा पक्की करा आणि झूम त्यानंतर. जुन्या दृश्यात जवळचा दगडी कोपरा मागच्या इमारतीच्या ज्या खिडकीवर येतो, तुमच्या फोटोतही तिथेच तो यायला हवा. मोबाइलचा साधा कॅमेरा फार रुंद पाहतो, म्हणून बहुतेक वेळा मागे सरून दुप्पट झूम घ्यावा लागतो. जवळ जाऊन काढलेला फोटो कधीच जुळत नाही.

रविवारी सकाळी आठ ते दहा रस्ते मोकळे असतात, फोटोंसाठी ते उत्तम. पण सिनेमातली ऑफिसला निघालेली गर्दी हवी असेल तर कामाचा दिवसच निवडा. आमचं मत कामाच्या दिवसाला.

सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे काळा घोड्याच्या जहांगीर आर्ट गॅलरीतलं, सिनेमात दिसणारं ‘समोवार’. १९६४ला सुरू झालेलं हे उपाहारगृह २०१५च्या मार्चमध्ये बंद झालं. टेबलं, खुर्च्या, काहीच उरलेलं नाही, हे जाणूनच जा. ती लांबट, अरुंद जागा गॅलरीच्या संग्रहालयाकडच्या बाजूला होती, म्हणून तिचा अंदाज गॅलरीपेक्षा शेजारच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या बागेतून चांगला येतो. गॅलरी अकराला उघडते, प्रवेश मोफत आहे. भिंतीवरच्या चित्रांचे फोटो चित्रकाराला विचारल्याशिवाय काढू नका.

पाय दुखले तर सीएसएमटी ते नरिमन पॉइंटचं एनसीपीए कलाकेंद्र अशी धावणारी ११५ क्रमांकाची वातानुकूलित दुमजली बस घ्या, वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर रस्ता छान दिसतो. जुन्या लाल दुमजली बस सप्टेंबर २०२३मध्ये बंद झाल्या.

अरुण ज्यांच्याकडे धडे घ्यायला जातो त्या कर्नल साहेबांचं खंडाळा याच दिवशी करू नका. देवगिरी मनमाड-इगतपुरीमार्गे येते, खंडाळा पुण्याच्या मार्गावर आहे. त्यासाठी लातूर किंवा धाराशिवहून पुण्याकडून येणं सोयीचं. खंडाळा स्टेशनवर बहुतेक गाड्या थांबत नाहीत, लोणावळ्याला उतरून रिक्षा करा. पावसाळ्यात घाट धुक्यात बुडतो आणि जुळवायला काहीच दिसत नाही, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं.