दाउरा : सापाची विहीर आणि वाडगाभर फुरा

उत्तर नायजेरियातल्या कात्सिना राज्यात, नायजर देशाच्या सरहद्दीजवळ दाउरा हे गाव आहे. या भागातला मोठा समाज म्हणजे हौसा, ते लोक आपलं मूळ इथलं सांगतात. कानो शहरात नोकरीला असल्यापासून जायचं मनात होतं, ते डिसेंबरात जमलं. काझाउरेमार्गे शेअर टॅक्सीने अडीच तास लागले. माणसं भरल्याशिवाय गाडी सुटत नाही, म्हणून सकाळी सातलाच अड्ड्यावर पोचा. त्या दिवसांत हरमटानचा वारा सहारातली धूळ घेऊन येतो. तोंडाला रुमाल हवा, पहाटे स्वेटरही.

आधी कुसुगू विहीर पाहिली. बगदादचा राजपुत्र बायाजिद्दा इथे आला आणि त्याने अयाना नावाच्या म्हातारीकडे पाणी मागितलं, अशी कथा आहे. विहिरीतला साप शुक्रवारखेरीज कुणाला पाणी भरू देत नसे. बायाजिद्दाने त्याचं मुंडकं उडवलं, राणी दाउरामाने त्याच्याशी लग्न केलं आणि पुढे त्याच्या वंशातून सात हौसा राज्यं झाली. सापाचं नाव होतं सार्की. हौसात राजालाही सार्कीच म्हणतात. विहिरीच्या काठावर उभं राहून हे ऐकताना अंगावर काटा आला. राखणदाराने पोहरा ओढून माझ्या ओंजळीत पाणी ओतलं. मी हातपाय धुतले, प्यायलो मात्र बाटलीतलंच. तुम्हीही तसंच करा.

फुलानी हा इथला दुसरा, मूळचा गुरं पाळणारा समाज. ‘हौसा-फुलानी’ असं एका दमात म्हटलं जातं, पण दाउरात या दोन शब्दांमध्ये शंभर वर्षांचा इतिहास आहे. फुलानी धर्मगुरू उस्मान दान फोदियोंचा जिहाद 1804 मध्ये सुरू झाला, त्यात फुलानींनी हे गाव घेतलं. जुनं हौसा घराणं परत गादीवर आलं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, इंग्रजांच्या काळात.

इथे घाई करू नका, सगळ्यात आधी हे सांगेन. रस्ता विचारण्याआधी नमस्कार-चमत्कार पुरे व्हावे लागतात. ‘इना क्वाना’ म्हणजे रात्र कशी गेली, ‘इना गाजिया’ म्हणजे थकवा कसा आहे. उत्तर बहुतेकदा ‘लाफिया लाऊ’, सगळं छान. एका आजोबांशी मी हे सगळं नीट म्हटलं, तर ते काठी टेकत राजवाड्याच्या दारापर्यंत सोबत आले. भारतीय म्हटल्यावर हिंदी सिनेमाची गाणीही ऐकायला मिळतात.

देणं-घेणं उजव्या हातानेच. हाफ पँट नको, बायकांनी डोकं झाकावं. विचारल्याशिवाय फोटो काढू नका, बायकांचे तर नाहीच. घराच्या आत पुरुष पाहुण्याला नेत नाहीत, बैठक दारातल्या ‘झाउरे’त, म्हणजे प्रवेशाच्या खोलीत होते. दारू बंद आहे. रोख नायरा, म्हणजे इथलं चलन, जवळ ठेवा.

खाण्याची मात्र चंगळ आहे. ‘मासा’ म्हणजे थेट आपले आप्पे, ‘कोसाई’ चवळीचे वडे. बाजारात एक फुलानी बाई डोक्यावरचा भोपळ्याचा वाडगा उतरवून बसली होती. तिने बाजरीचा उकडलेला गोळा दह्यात कुस्करला आणि लांब दांड्याच्या भोपळ्याच्याच पळीने घोटला. हे ‘फुरा दा नोनो’. सुंठ-लवंगेचा वास आला आणि आजीची ताकातली आंबील आठवली. दोन वाडगे प्यायलो.

एक गोष्ट गंभीरपणे घ्या. कात्सिना राज्यात अपहरण आणि दरोड्यांचा धोका खरा आहे. निघण्याआधी त्या आठवड्यातली परिस्थिती कानोतल्या ओळखीच्यांकडून समजून घ्या, एकटे जाऊ नका, अंधार पडायच्या आत परता. आम्ही तीनलाच परत निघालो, म्हणून राजवाडा बाहेरूनच पाहिला.