तुम्ही विचारलंत म्हणून: ‘बार्कू नेग्रू’मधला तो बुडाला का?

‘बार्कू नेग्रू’, काळी होडी. पोर्तुगीज फादो गायिका अमालिया रोद्रिगेश यांचं, होडीतून गेलेल्या प्रियकराबद्दल बोलणाऱ्या बाईचं हे गाणं ऐकलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: तो बुडाला का?

गाण्यात कोणीही बुडत नाही. वादळ नाही, प्रेत नाही. ती वाळूवर जागी होते, आपण त्याला कुरूप तर दिसणार नाही ना या भीतीने थरथरत. त्याचे डोळे नाही म्हणतात. मग खडकावर एक क्रूस दिसतो, उजेडात नाचणारी होडी दिसते, सोडलेल्या शिडांमधून हलणारा हात दिसतो. किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्या म्हणतात, तो यायचा नाही. ही म्हणते, वेड्या आहेत! पुरावा काय तो एवढाच. क्रूस होडीच्या आधी दिसतो, म्हणजे तो गेलाच, असं मी पूर्वी ठासून सांगायचे. आजही कोणी तसं म्हटलं तर मी खोडणार नाही. पण मग पुढे तीच त्याला म्हणते, ‘तू निघालासच नाहीस’, त्या ओळीचं करायचं काय?

त्यासाठी चालीकडे जावं लागतं. चाल ब्राझीलची, काकू व्हेल्यू आणि पिरातिनी यांच्या ‘माइं प्रेता’ची, म्हणजे ‘काळी आई’ या गाण्याची. त्यात काळी दाई गोऱ्या मालकाचं मूल जोजवते आणि तिकडे गुलामांच्या वस्तीत तिच्या जिवाचं माणूस मार खातं. हुकूमशहा सालाझारच्या पोर्तुगालात सेन्सॉरने ते शब्द बंद पाडले. चाल वाचली. ‘ले झामां द्यु ताज’ या १९५५ च्या फ्रेंच चित्रपटासाठी कवी दाव्हिद मोरांव-फेरैरा यांनी तिच्यावर नवे शब्द लिहिले. दोन्ही गाणी ओळीला ओळ लावून ऐका. ‘काळी आई, काळी आई’ ही हाक होती तिथे आता ‘वेड्या, वेड्या’ आहे. त्याच्या लगेच पुढे, जुन्या गाण्यात चाबूक पडतो आणि दाई पाळणा हलवत राहते. नेमक्या त्याच सुरांवर ही म्हणते, राजा, तू निघालासच नाहीस. कवीने हे जाणूनबुजून केलं का, यावर खुशाल भांडा. गळ्याला चढ तोच चढावा लागतो.

शेवटच्या कडव्यात ती साक्षीदार उभे करते: काचांवर वाळू फेकणारा वारा, गाणारं पाणी, मंदावलेली आग, अंथरुणाची ऊब, रिकामी बाकं. रिकामी बाकं! तो नसल्याची खूण ती तो असल्याच्या बाजूने मांडते. इथे गाणारीने हुंदका काढला की गाणं हातचं गेलं. विरहिणीचा भाव लावणारे इथेच फसतात. ज्ञानदेवांची विरहिणी भेट मागते, ही काहीच मागत नाही. तिच्या हिशेबी कोणी गेलेलंच नाही, मग वाट कुणाची पाहायची?

तरी आग मंदावलीय, हे तीच सांगते. भ्रमातच असती तर धगधगती म्हणाली असती. म्हणून तिला वेडी म्हणणं मला पटत नाही. आणि तिला सगळं ठाऊक आहे, असंही छातीठोकपणे म्हणवत नाही.