कार्डलॉकचा भाव, बोर्डावरचा भाव आणि माझी वही

इथे कॅनडात, अल्बर्टा प्रांतातल्या कॅलगरीत ट्रकचा धंदा करणाऱ्या कुणालाही विचारा, "कार्डलॉकचं कार्ड काढून घ्या, लिटरमागे दहा-बारा सेंट सुटतात," असंच ऐकायला मिळतं. आमच्याकडे एक ट्रॅक्टर-ट्रेलर आणि शहरातल्या पोचवणीसाठी एक डिझेल व्हॅन. नवरा आणि एक ड्रायव्हर गाड्या चालवतात, हिशेब माझ्याकडे. मला ते दहा-बारा सेंट कागदावर बघायचे होते, कारण सांगणाऱ्यांपैकी एकानेही दोन पावत्या शेजारी ठेवून दाखवल्या नव्हत्या.

ज्यांचा संबंध आला नसेल त्यांच्यासाठी: कार्डलॉक म्हणजे फक्त धंद्याच्या गाड्यांचा पंप. माणूस नाही, दुकान नाही, बऱ्याच ठिकाणी छप्परही नाही. कार्ड घालायचं, पिन द्यायचा, गाडीचा नंबर आणि किलोमीटर टाकायचे, की पंप उघडतो. चोवीस तास चालू. पेट्रो-कॅनडाचे पेट्रो-पास, एस्सोचे, को-ऑपचे, शेतकऱ्यांच्या यूएफए संस्थेचे, असे कितीतरी आहेत. आणि मुख्य म्हणजे रस्त्यावरून दिसेल असा भावाचा मोठा बोर्ड बहुतेक ठिकाणी नसतोच. भाव ईमेलवर किंवा ॲपवर कळतो, आणि शेजारी उभ्या असलेल्या ट्रकवाल्याचा भाव तुमच्यापेक्षा वेगळा असू शकतो.

घाऊक म्हणजे स्वस्तच, हे मी सहजासहजी मानत नाही. मार्च २०२२ मध्ये मुंबईत पंपावर डिझेल लिटरला ९४ रुपये १४ पैसे होतं आणि टँकरने घाऊक घेणाऱ्याला तेच १२२ रुपये ५ पैशांना पडत होतं. पंपावरचे भाव नोव्हेंबर २०२१ पासून गोठलेले, घाऊक मात्र जागतिक बाजाराबरोबर धावलेलं. मग मोठे गिऱ्हाईकही पंपावर रांग लावणारच. कॅनडात सरकार असे भाव धरून ठेवत नाही, पण घाऊक भाव एका चालीने आणि किरकोळ दुसऱ्या चालीने हलतो, एवढं इथेही खरं आहे.

पहिली गाठ जीएसटीची. रस्त्यावरच्या बोर्डावरच्या भावात तो धरलेला असतो. कार्डलॉकच्या ईमेलमध्ये आमच्याकडे येणारा भाव जीएसटीविना असतो. समजा बोर्डावर १ डॉलर ५५ सेंट आहे आणि ईमेलमध्ये १.४३. बारा सेंटांचा फरक! पण १.५५ ला १.०५ ने भागलं की उरतात १.४७६. म्हणजे खरा फरक साडेचार सेंटांच्या आसपास. धंद्याची जीएसटी नोंदणी असली की तो पाच टक्के कर दोन्हीकडचा परत मिळतो, त्यामुळे तुलनेत तो धरायचाच नाही. केंद्राचा इंधनकर आणि अल्बर्टाचा १३ सेंटांचा इंधनकर दोन्ही भावांत सारखेच बसलेले असतात, ते प्रांताच्या आत असेपर्यंत सोडून द्यायचे. ऐकीव दहा-बारा सेंटांचं निम्म्याहून जास्त रहस्य इथेच उलगडलं.

जुन्या पावत्यांशी तुलना करायची तर आणखी एक खड्डा आहे. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या काळात डिझेलवर लिटरला २१.३९ सेंट केंद्रीय कार्बन शुल्क होतं, १ एप्रिल २०२५ पासून ते शून्य झालं. "कार्डलॉक घेतल्यापासून बघा किती वाचतंय" म्हणून एका ओळखीच्यांनी मला ज्या दोन पावत्या कौतुकाने पाठवल्या, त्यांतली एक शुल्क उठण्याच्या आधीची होती, एक नंतरची. मी काही बोलले नाही. ते खूश होते.

मग अर्ज. यात सांगण्यासारखं फार नाही: कंपनीचा बिझनेस नंबर, रद्द केलेला चेक, बँकेचा संदर्भ आणि मालकाची वैयक्तिक हमी. उधारीची मर्यादा लहान धंद्याला आधी तुटपुंजीच देतात, जास्त हवी तर अनामत मागतात. ट्रेलर भरून पश्चिमेला जाऊन परत यायचं तर टाक्या काही पाचशे डॉलरात भागत नाहीत, तेव्हा ही मर्यादा आधीच बोलून घेतलेली बरी. कार्डावर कोणता माल निघेल तेही ठरवता येतं. मी डिझेल आणि डीईएफ (धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत घालायचं द्रव) एवढंच चालू ठेवलं. त्याच आवारात शेतीचं, रंग घातलेलं डिझेल असतं. ते करामुळे बरंच स्वस्त दिसतं, पण रस्त्यावरच्या ट्रकमध्ये सापडलं तर दंड. चुकूनही त्याचा भाव तुलनेत धरू नका.

खरी बोलणी झाली ती भावाच्या सूत्रावर. विक्रीवाल्याने "तुम्हाला इतके सेंट सूट" असं सांगितलं. मी विचारलं, सूट कशातून? त्याच्याकडे दोन पद्धती होत्या. एक, कंपनीने स्वतः ठरवलेला कार्डलॉकचा जाहीर भाव आणि त्यातून वजा सूट. दुसरी, रॅक भाव अधिक ठरलेली रक्कम. रॅक म्हणजे टर्मिनलवर टँकर भरताना लागणारा भाव. मोठ्या तेल कंपन्या तो शहरागणिक रोज जाहीर करतात, म्हणजे मला घरी बसून तपासता येतो. पहिल्या पद्धतीत सूट कितीही मोठी असली तरी ती ज्यातून वजा होते तो आकडा त्यांच्या हातात. मी रॅकवर अडून बसले. "एवढ्या कमी लिटरला देत नाही," असं आधी झालं, मग थोडा जास्त अधिभार लावून दिलं. तो जास्तीचा अधिभार मला चालला. निदान कशावर किती, हे दिसतं.

कार्डलॉकचा आणि बोर्डाचा खरा फरक कळायला मात्र बरेच आठवडे वहीत रोजचे दोन्ही भाव लिहावे लागले. आमचा भाव रॅकच्या मागे लगेच धावतो. वर जाताना लगेच वर, खाली येताना लगेच खाली. बोर्डवाले मात्र तसे नाहीत. रॅक चढला की एखादा पंप दोन-चार दिवस जुन्याच भावाने विकत राहतो, आणि तेवढ्या दिवसांत आमचं कार्ड चक्क महाग पडतं. रॅक उतरला की बोर्ड रेंगाळत उतरतो, तेव्हा कार्डाची बाजू जड. त्यामुळे कुणी एका दिवसाचे दोन भाव दाखवून "बघा" म्हणालं तर त्याला काही अर्थ नाही. माझ्या वहीत महिन्याची सरासरी कार्डाच्या बाजूने आली, पण चारेक सेंटांनी, बारा नव्हे. त्यातून कार्डाचं महिन्याचं शुल्क वजा करा. दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यात भरलं तर व्यवहारामागे वेगळं शुल्क, तेही.

प्रांत ओलांडला की गणित आणखी फिरतं, आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त पैसे इथेच गैरसमजात जातात. आमचा ट्रक शेजारच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, रॉजर्स पास ओलांडून कॅमलूप्सवरून व्हँकुव्हरजवळच्या सरीपर्यंत जातो. तेवढ्या वजनाच्या गाड्यांना इफ्टाचं, म्हणजे इंधनकर वाटून घेण्याच्या कराराचं, तिमाही विवरण भरावं लागतं. त्याचं तत्त्व असं, की डिझेल कुठेही घ्या, इंधनकर तुम्ही ज्या प्रांतात जितके किलोमीटर चाललात त्या प्रमाणात त्या त्या प्रांताला जातो. घेताना भरलेला कर जमेला धरतात, फरक वसूल करतात किंवा परत देतात. मग कॅलगरीत १.४३ आणि वाटेत ब्रिटिश कोलंबियातल्या गोल्डन गावी १.४४ असेल तर कुठे भराल? कॅलगरीतल्या भावातून प्रांताचे १३ सेंट वजा करा, उरले १.३०. ब्रिटिश कोलंबियात मोठ्या भागात हा कर १५ सेंट आहे, म्हणजे गोल्डनला उरले १.२९. दिसायला महाग तेच एका सेंटाने स्वस्त. हे नवऱ्याला पटवायला मला एक पूर्ण तिमाही विवरण त्याच्यासमोर भरून दाखवावं लागलं. आता तो फोनवर भाव सांगताना प्रांताचा कर वजा करूनच सांगतो, आणि मी ते उगाच पुन्हा तपासते.

व्हँकुव्हरच्या पट्ट्यात ट्रान्सलिंक या तिथल्या सार्वजनिक वाहतूक संस्थेचे १८.५ सेंट धरून हा कर १५ ऐवजी २७.५ सेंट होतो, ते जास्तीचे १२.५ सेंट मात्र टाळण्यासारखेच. ॲबट्सफर्ड त्या हद्दीच्या बाहेर येतं. सरीत माल उतरवायचा असेल तर टाकी ॲबट्सफर्डलाच भरून पुढे जायचं, हे तिथले पंजाबी ड्रायव्हर पहिल्याच दिवशी सांगतात. माझा दीर ऑन्टारिओतल्या ब्रॅम्प्टनहून फोनवर तिथला भाव ऐकवतो तेव्हा मी त्यातून १३ टक्के एचएसटी (तिथे जीएसटीऐवजी लागणारा केंद्र-प्रांताचा एकत्र कर) आणि प्रांताचे ९ सेंट काढल्याशिवाय हूं की चूं करत नाही.

थंडीबद्दलही एक शंका होती. डिझेल गार झालं की आकसतं. १५ अंशांना ५०० लिटर असलेलं डिझेल उणे २५ ला साधारण १६ लिटरने कमी भरतं. कार्डलॉकच्या टाक्या बऱ्याचदा उघड्यावर, जमिनीवर असतात, किरकोळ पंपांच्या जमिनीखाली. मग लिटर सारखे कसे? तर इथले बहुतेक पंप १५ अंशांच्या हिशेबाने आकारमान दुरुस्त करून मोजतात, आणि तसं पंपावर चिकटवलेलं असतं. दोन्हीकडे ती पट्टी वाचली, मग तुलना चालू ठेवली.

पैशात न दिसणारं सांगायचं तर ट्रकसाठी किरकोळ पंप मुळात गैरसोयीचा. ट्रेलर वळत नाही, छप्पर आडवं येतं, क्रेडिट कार्डाची ठरावीक रक्कम झाली की पंप थांबतो. साध्या नळीतून मिनिटाला ३५-४० लिटर येतात, कार्डलॉकच्या मोठ्या नळीतून १०० च्या वर. ती जाड नळी आमच्या व्हॅनच्या तोंडात बसत नाही, हा भाग वेगळा.

म्हणून व्हॅनला आम्ही कार्ड घेतलंच नाही. ती शहरातच फिरते, ज्या कोपऱ्यावर बोर्ड कमी दिसेल तिथे भरते. ट्रकला कार्ड आहे. सध्या यूएफएकडेही चौकशी चालू आहे, कारण ती सभासदांची संस्था आहे आणि खरेदीवर लाभांश देते. सांगलीकडच्या ऊसपट्ट्यात वाढलेल्या माणसाचे सभासद आणि लाभांश हे शब्द ऐकून कान टवकारतातच. पण लाभांश वर्षाअखेरीस, आणि किती ते संचालक ठरवणार. वहीत त्याचा रकाना केलाय, आकडा अजून लिहिलेला नाही.