किती झाले की पुढचा एक होतो?

पाचवी-सहावीच्या मुलांचं घरी गणित घेताना सगळ्यात जास्त कुठं अडतं असं कुणी विचारलं तर मी दशांश अपूर्णांक सांगेन. पाढे पाठ असतात, हातच्याची वजाबाकी जमते, पण पॉइंट आला की गडबड सुरू. 0.25 मोठं की 0.3 विचारा, बरीच पोरं बिनधास्त 0.25 सांगतात, कारण 25 हे 3 पेक्षा मोठे ना. आणि घरातली मोठी माणसं काय करतात, तर "अरे 0.3 च्या पुढं एक शून्य लाव, 0.30 झालं, आता सांग" म्हणतात. उत्तर बरोबर येतं, शून्य का लावलं ते मात्र पोराला कळलेलं नसतं, म्हणून पुढच्या आठवड्यात परत तेच.

आमच्या वेळी पैशांचा आधार होता. चार आणे, आठ आणे हातात घेतलेले, त्यामुळं अडीच रुपये म्हणजे 2.50 हे न शिकवता डोक्यात बसलं. आता 25 पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून चलनातूनच गेली, आजच्या पाचवीतल्या पोरानं ती बघितलेली पण नाहीत, आणि घरात सगळं फोनवरून स्कॅन करून चालतं. रुपये-पैशांची गणितं त्यांच्यासाठी फक्त पुस्तकात उरलीत. मग दुसरा आधार शोधायला पाहिजे, आणि सांगलीत तो पावसाळ्यात आपोआप घरी येतो.

इथं जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यांचं लक्ष कृष्णेच्या पातळीवर. आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी, 45 फूट धोका पातळी, आणि 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलेलं, ते ज्यांनी बघितलंय त्यांना हे आकडे झोपेत विचारा. ग्रुपवर सारखे मेसेज येतात, आणि घाईत लोक 38 फूट 9 इंच असेल तर 38.9 असं टाईप करतात. असाच मेसेज आला तेव्हा पुतण्याला विचारलं, आता इशारा पातळीला किती राहिलं? त्यानं वहीत 40 वजा 38.9 मांडलं आणि म्हणाला, "1.1, म्हणजे एक फूट एक इंच, काकू."

मी चूक-बरोबर काहीच बोलले नाही. एवढंच विचारलं, "बरं, 38.5 ओव्हर झाल्यात आणि अजून एक बॉल पडला, तर?"

"39."

"38.6 का नाही?"

"काकू, सहा बॉलची ओव्हर असते!"

"आणि फूट किती इंचांचा?"

गप्प झाला, मग शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन आला. 12 झाले की पुढचा फूट. म्हणजे 9 वरून 39 ला जायला 3 इंच, तिथून 40 ला एक फूट, एकूण 1 फूट 3 इंच. तेवढ्यात सहावीतली लेक म्हणाली, 9 इंच म्हणजे 12 मधले 9, म्हणजे पाऊण, मग खरं 38.75 लिहायला पाहिजे ना, आणि तिनं 40 मधून 38.75 वजा करून 1.25 काढलं. सासूबाई तिथंच लसूण सोलत होत्या, त्या म्हणाल्या, "सव्वा फूट की गं." त्यांनी लहानपणी पावकी, सवायकी, दिडकी म्हणजे पाव, सव्वा, दीडचे पाढे पाठ केलेले, त्यांना वही लागत नाही. 1.25 फूट, सव्वा फूट आणि 1 फूट 3 इंच हे तिन्ही एकच आहे हे पोरांनी स्वतः पडताळून बघितलं, आणि त्यांचे चेहरे बघून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

तेव्हापासून आमच्या घरात प्रत्येक गणिताला हा प्रश्न ठरलेला आहे, किती झाले की पुढचा एक होतो? गाडी 5:40 ला निघून 8:15 ला पोचली तर किती वेळ लागला, इथं 60. तासगावकडं माहेरी गेलो की बाबा नातवंडांना शेताची गणितं घालतात, तिथं 40, कारण 40 गुंठ्यांचा एकर. 1 एकर 30 गुंठ्यांत 25 गुंठे मिळवले तर किती? पहिल्यांदा उत्तर आलं 1 एकर 55 गुंठे, बाबा नुसते हसले, मग पोरीनंच 40 काढून 2 एकर 15 गुंठे केलं. हे सगळं झालं की दशांशाकडं परत यायचं, तिथं 10. प्रत्येक घरात दहा झाले की डावीकडच्या घरात एक. मीटरच्या टेपवर 0.3 मीटर म्हणजे 30 सेंटीमीटर आणि 0.25 म्हणजे 25 सेंटीमीटर, बोट ठेवून दाखवा, मग शून्य लावायची युक्ती सांगावी लागत नाही, ते शून्य पोरं स्वतःच लावतात.

ज्यांच्या घरी दूध डेअरीला जातं त्यांच्याकडं तर रोज नवीन गणित येतं. स्लिपवर फॅट 3.8, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) 8.5, लिटर, दर सगळं पॉइंटमध्ये. पोराला विचारा, फॅट 3.9 च्या पुढं 0.1 नी वाढली तर किती? 3.10 म्हणाला तर ओव्हरची आठवण करून द्या, तिथं सहा होते, इथं किती? या एका प्रश्नावरून त्याला दशांश कळलाय की नुसता करता येतोय हे कळतं.

वेळ फार नको, वीस मिनिटं पुष्कळ, आणि पेन्सिल पोराच्या हातातच राहू द्या. उत्तर बरोबर आलं तरी "कसं केलंस?" विचाराच, नाहीतर पोरांना वाटतं की चुकल्यावरच विचारतात, आणि मग तो प्रश्न ऐकला की ती घाबरून खोडायला लागतात. शिष्यवृत्तीच्या पहिल्या पेपरात 75 पैकी 50 प्रश्न गणिताचे आणि वेळ 90 मिनिटं, त्यामुळं आईवडील आधीच शॉर्टकट शिकवायच्या मागं लागतात, मला समजतं ती काळजी, पण माझं मत स्पष्ट आहे, शॉर्टकट शेवटच्या दोन महिन्यांत. ज्याला समजलंय त्याला ते पटकन येतात, ज्याला समजलं नाही तो परीक्षेत नेमका कुठला शॉर्टकट लावायचा तेच विसरतो.

सध्या आमची गाडी किलो-ग्रॅमवर आहे. 2 किलो 50 ग्रॅम पुतण्या अजून 2.50 लिहितो, सवयीनं. इथं 1000 झाले की पुढचा एक, म्हणजे पॉइंटनंतर तीन घरं लागणार, 2.050. मंडईत आता सगळीकडं इलेक्ट्रॉनिक काटे आहेत, तर मी त्याला बरोबर नेते, काट्यावरचा आकडा तो मोठ्यानं वाचतो, किलो किती ग्रॅम किती सांगतो, आणि भाजीवाल्या मावशींनी हिशोब सांगायच्या आधी त्यानं पैशांचा अंदाज सांगायचा असं ठरलंय, मावशी पण बिचाऱ्या तेवढं थांबतात.