स्कल्पिन टँक, आठवडा १४: लादीखालचा गाळ

मासे मॉटल्ड स्कल्पिन (उत्तर अमेरिकेतला, थंड गोड्या पाण्याच्या तळाशी राहणारा छोटा मासा), एक नर, तीन माद्या, सगळे टँकमध्येच जन्मलेले. टँक १२० × ४५ × ४० सेंमी, तीन बाजूंना थर्माकोल (नाहीतर काचेवर दव धरून स्टँड ओला होतो). थंडीचे दोन महिने पाणी ७ अंश, मग आठवड्याला एक अंश चढवत १२.

दहाव्या आठवड्यातली अंडी बुरशीने गेली. मादी पोट वर करून अंडी टँकच्या तळाशी ठेवलेल्या लादीच्या खालच्या अंगाला चिकटवते, पुढची राखण नराची. तो छातीच्या परांनी सतत वारा घालत होता, तरी चौथ्या दिवशी अंड्यांच्या घोसाच्या मागच्या कडेला पांढरी लव दिसली. तापमान ठीक, अमोनिया शून्य. मग सिरिंजने चिमूटभर गाळ लादीच्या तोंडाशी सोडून पाहिला. ढग हललाच नाही! पंपाचा झोत लादीवरून जात होता आणि नर वारा घालत होता तो त्याच गढूळ पाण्याने.

बदल असे: लादीचं तोंड झोताला आडवं. थेट झोतात ठेवू नका, नर जागा सोडतो. खालची बारीक खडी काढून २०-३० मिमीचे गोटे, लादीखालची फट ३ सेंमी. पंपाच्या तोंडाला स्पंज, दर चार दिवसांनी धुवायचा. गोठवलेले ब्लडवर्म (खाऊ म्हणून घालायच्या लाल अळ्या) गाळणीत धुऊनच द्यायचे, त्यांचं लाल पाणी म्हणजे निम्मा गाळ.

रानातही दुखणं हेच. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या पेरी काउंटीच्या गुहांमधला ग्रोटो स्कल्पिन २०१३ साली वेगळी जात म्हणून नोंदला गेला आणि त्याच वर्षी तिथल्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत गेला. तिथे शेतातली माती आणि घाण जमीन खचून झालेल्या खळग्यांतून थेट गुहेतल्या ओढ्यात उतरते. वायुकोश (तरंगायला मदत करणारी पोटातली हवेची पिशवी) नसलेला, तळालाच चिकटून राहणारा मासा त्यातून वर उठून जाणार कुठे?

मासा हलवायचा तर जाळी नको. गालाजवळचा काटा नायलॉनमध्ये अडकतो आणि सोडवताना कल्ल्याचं झाकण फाटतं. रुंद तोंडाची बरणी समोर धरा, मागून हाताने हाका.

तेराव्या आठवड्यात दुसरा घोस पडला. आज नववा दिवस, लव नाही, डोळ्यांचे काळे ठिपके अजून दिसायचेत. १२ अंशांना अंडी फुटायला तीन-चार आठवडे धरलेत. पिल्लं पोटाला चिकटलेलं पीतक (अंड्यातला बलक) संपेपर्यंत लादीखालीच राहतील, तोवर आर्टेमियाची (पिल्लांना खाऊ म्हणून द्यायचे कोळंबीसारखे बारीक जीव) अंडी उबवायला लावायची नाहीत.