अर्धा सालदार

रविवार

मी जुने फोटो गोळा करतोय हे एव्हाना गावभर झालंय. ओट्यासमोरून जाताना हाक येते, आत बोलावलं जातं आणि मांडीवर लग्नाचा अल्बम येतो. पुढच्या पिढीचा रंगीत अल्बम, रंग उडून अख्खं वऱ्हाड लालसर झालेलं. नाही म्हणवत नाही. चहा होतो, नवरदेवाचे मामे-मावसे सांगून होतात आणि उठता उठता मी आपला सहज विचारतो, तो वर आढ्याखाली लटकवलेला फोटो कोणाचा?

खरा माल तिथे असतो. पण धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात त्याचे हाल विचारू नका. छतावर खारी माती टाकायला एखादं वर्ष उशीर झाला की छत गळतं, ओल भिंतीत उतरते आणि फोटो काचेला चिकटून बसतो. घरातला कोणीतरी उत्साही मुलगा लगेच नखाने सोडवायला बघतो. मी हात धरतो. फोटोवरचा थर एकदा काचेवर राहिला की संपलं. काचेसकट खिडकीशी न्यायचा, तिरप्या उजेडात धरायचा, फ्लॅश बंद करून मोबाइलवर टिपायचा. काळजीने केलं तर चांगलं येतं. आणि तो व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा हे मी इतक्यांना सांगितलंय, तरी जो तो साधा फोटो म्हणूनच पाठवतो आणि चेहऱ्यांचं पीठ होऊन माझ्याकडे येतं.

मंगळवार

आज फोटोंच्या पाठी वाचत बसलो. एकावर स्टुडिओचा जांभळा शिक्का, खाली ‘धुळे, प. खानदेश’. एवढ्याने काम झालं. १९०६ साली इंग्रजांनी खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले, आणि १९६० साली त्यांची नावं जळगाव आणि धुळे झाली. म्हणजे फोटो बहुतेक साठच्या आतला. बहुतेक म्हणायचं, कारण जुना शिक्का कोण लगेच फेकून देतो?

पाठीवर बॉलपेनने नाव लिहू नये, दाब पुढे उमटतो. मऊ पेन्सिल बरी. ही असली बारीक कामं मला आवडतात. इतिहासकार वि. का. राजवाडे जुन्या दप्तरांसाठी गावोगाव हिंडले आणि १९२६ च्या डिसेंबरात धुळ्यातच गेले; पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं. कागद जपायची चाल आपल्या भागाला आहे. फोटोला मात्र आपण अजून कागद मानत नाही. तो हार घालायचा, नाहीतर ट्रंकेत टाकायचा.

गुरुवार, रात्री

फुईआजीकडे, म्हणजे आत्याआजीकडे, पोळ्याचा फोटो निघाला. काळापांढरा, चौकोनी, कडा कातरलेल्या. मधे आमचे पणजोबा, टोपी-कोट, छाती काढून. दोन्ही बाजूंना झुली घातलेले बैल. मी फोन पुढे धरला, बोटाने मोठा केला.

“हाऊ सर्जा. हाऊ पाखऱ्या. पाखऱ्या मारकुटा व्हता.”

“आनि हाऊ मानूस?”

“थांब ना रे भो, आधी बैलं पाहू दे.”

बैलांच्या शिंगांपासून वशिंडापर्यंत सगळं झालं. मग मी फोटो डावीकडे सरकवला. पाखऱ्याचा कासरा धरलेला एक हात होता. हाताला लागून पागोट्याची कड, एक कान, एक डोळा, अर्धी मिशी. बाकी माणूस चौकटीच्या बाहेर.

“हातवर गोंदेल शे ना? विंचू? मंग आमना सालदारच तो.”

मी आणखी मोठा केला. मनगटाच्या वर विंचू होता. नांगी वर वळलेली.

सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. बरीच वर्षं तो आमच्याकडे होता म्हणे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरायचं, धान्य आणि कपडे ठरायचे, आणि पुढची आखाजी येईपर्यंत त्याचा दिवस आमच्या खळ्यावर. बैलं त्याची जास्त ऐकायची, हे फुईआजी आजही पणजोबांवर कुरघोडी केल्यासारखं सांगते. कासरा त्याच्याच हातात का होता ते उघड आहे. पाखऱ्या दुसऱ्या कोणाजवळ उभाच राहिला नसता.

शुक्रवार

काल झोप उशिरा लागली. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस डोक्यात येत होते. स्टेशनजवळच्या त्यांच्या घराचं आता संग्रहालय आहे. एकदा तरी जाऊन यावं असं ठिकाण. मूस १९८९ साली वारले. टेबलटॉप फोटोग्राफीत त्यांचा हातखंडा. घरातल्याच किरकोळ वस्तू टेबलावर मांडायच्या, प्रकाश हवा तसा पाडायचा आणि खरा वाटेल असा देखावा उभा करायचा. चौकटीत त्यांनी ठेवलं तेवढंच.

आमच्या पोळ्याच्या फोटोवाल्याला हे कुठून जमणार? त्याला पणजोबा हवे होते, पण कॅमेऱ्यात सगळंच शिरलं. पाखऱ्याच्या पाठीमागे पाट दिसतो, पाण्याने भरलेला. पाटाशी फावडं घेऊन वाकलेला एक जण, बहुधा पाटकरी. पांझरेवरच्या फडांची ही व्यवस्था फार जुनी. नदीवर बंधारा, पाटाखालची जमीन फडांत, म्हणजे मोठ्या तुकड्यांत, वाटलेली, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि पाणी कोणाला कधी द्यायचं ते पाटकरी बघणार. शेतमालकाने पाटाला हात लावायचा नाही. यावर लिहिलेलं पुष्कळ सापडेल. पण आमच्या गावचा भरलेला पाट मी या फोटोतच पहिल्यांदा पाहिला, आणि तोही दोन बैलांच्या पायांमधून.

म्हणून माझा आता हट्टच झालाय की कोणी फोटो दिला की आधी कडा बघायच्या. मधला माणूस कोण ते घरचे सांगतातच. फैजपूरच्या १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनाचे फोटो पाहतानाही मी नेहरूंना सोडून मागचे चेहरे बघतो. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, नंदलाल बोस यांनी सजवलेलं. मागे उभी असलेली माणसं आसपासच्याच गावांची असणार. त्यांना ओळखणारं कोणी यावल-रावेरकडे अजून असेल, तर त्यांच्यासमोर ते फोटो आत्ता ठेवायला हवेत. पुढच्या वर्षी म्हणून चालणार नाही. तिकडे धडगाव-अक्कलकुव्यात सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलेल्या गावांचंही तेच. मोर्च्यांचे फोटो मिळतात. साधा सारवलेला ओटा, त्यावर बसलेली म्हातारी, असं फार कमी.

मंगळवार

सालदाराच्या नातवाला शोधलं. शोधलं कसलं, तो शेजारच्या गावात रिक्षा चालवतो, त्याच्या रिक्षातून मी कितीदा धुळ्याला गेलोय. फोटो दाखवला. बराच वेळ काही बोलला नाही. आजोबांचा एकही फोटो त्यांच्या घरात नाही. मग म्हणाला, भाऊ, एवढेच कापून द्या. बाकीचे नकोत.

बाकीचे म्हणजे पणजोबा आणि बैल. मला क्षणभर टोचलं, खोटं कशाला सांगू. मग वाटलं, ठीकच आहे, साठ-सत्तर वर्षं तो आमच्या फोटोच्या कडेला उभा होता.

आम्ही दोघं स्टुडिओत गेलो. स्टुडिओतला पोरगा हुशार. म्हणाला, अर्धा चेहरा उलटा करून जोडला की पूर्ण होतो. केलाही. दोन्ही मिशा हुबेहूब सारख्या, दोन्ही कान सारखे; माणूस असा दिसत नाही, पण नातवाचे डोळे भरले. मग पोरगा म्हणाला, आता कोट घालू? श्रद्धांजलीच्या फोटोला सगळे घालतात. मी म्हणालो, अरे, त्यांनी आयुष्यात कोट घातला नसेल. नातू म्हणाला, म्हणूनच घाला.

घाला म्हटलं. मूळ फोटो माझ्याकडे जसाच्या तसा ठेवलाय. फाइलच्या नावात गाव, पोळा, आधी सालदाराचं नाव आणि मग पणजोबांचं, असं लिहिलं. जोडलेला त्यांच्याकडे, भिंतीवर लागेल. कोट काळा की निळा, यावर मात्र त्यांच्या घरात अजून एकमत झालेलं नाही, त्यामुळे प्रिंट अडकलाय.